रोजच्या छायाचित्रावर नेमका अभिप्राय कसा मागावा आणि कसा द्यावा?

प्रश्न:
आम्ही अकरा हौशी छायाचित्रकार गेले चार महिने रोज प्रत्येकी एक छायाचित्र एकमेकांना दाखवतो. नियम एकच आहे, की ते त्याच दिवशी काढलेले असावे. या शिस्तीने मला पुष्कळ दिले, कारण कॅमेरा रोज हातात घ्यावाच लागतो आणि एरवी लक्षात न येणारा उजेड दिसू लागतो. अभिप्राय मात्र ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ किंवा नुसता अंगठा यापलीकडे जात नाहीत. गेल्या आठवड्यात मी खिडकीजवळच्या पाण्याच्या पेल्याचे छायाचित्र टाकले. पांढऱ्या कापडावर पडलेली पेल्याची सावली आणि त्या सावलीच्या मधोमध पाण्यातून वाकून आलेली प्रकाशाची तिरीप, एवढाच विषय होता. ते कुठेतरी फसले आहे असे मला जाणवत होते, पण काय फसले ते सांगता येत नव्हते. नऊ जणांनी ‘सुंदर’ म्हटले आणि एकाने न विचारता क्रॉप करून (कडा कापून), रंग बदलून ते परत पाठवले. उपयोगी पडेल अशी टीका कशी मागावी, आणि दुसऱ्याच्या चित्रावर ती कशी लिहावी?

उत्तर १:
आपण चित्रासोबत काहीच लिहिले नव्हते, असे दिसते. ‘कसे वाटले?’ एवढेच विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी एकच नेमका प्रश्न विचारा, उदाहरणार्थ, ‘तिरीप आधी दिसते की पेला?’ शिवाय लेन्स, शटर स्पीड (प्रकाश आत घेण्याचा वेळ), अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) हे आकडे द्या, म्हणजे पाहणाऱ्याला दोषाचे कारण शोधता येते. चित्र किंचित हललेले असेल आणि आकडे ८५ मिमी फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते त्याचे माप) व १/३० सेकंद असे असतील, तर रोग लगेच कळतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटर साधारणपणे १/फोकल लेंग्थ इतके तरी वेगवान असावे, असा जुना संकेत आहे. ८५ मिमीला फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ते १/१०० च्या आसपास येते आणि १.५ क्रॉप (दीडपट लहान सेन्सर) असलेल्या कॅमेऱ्यावर १/१२५ किंवा त्याहून वेगवान. हाताच्या हालचालीची भरपाई करणारे स्थिरीकरण असेल तर अर्थातच सवलत मिळते.

पांढऱ्या कापडाचे मला विशेष सांगावेसे वाटते. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते, म्हणून चौकटीचा मोठा भाग पांढरा असला की ते सारे चित्र काळवंडून टाकते आणि कापड राखाडी दिसते. आपल्याला जे फसल्यासारखे वाटले ते बहुधा हेच असावे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) +१ किंवा +१.५ करून पुन्हा काढून पाहा, मात्र हिस्टोग्राम (गडद ते उजळ छटांचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना, यावर लक्ष ठेवा. आदळला तर तिरिपीतला तपशील जाईल आणि तीच तर आपल्या चित्राचा प्राण आहे.

उत्तर २:
आकड्यांबद्दल माझे दुमत नाही, परंतु प्रश्न आधी विचारण्याला माझा विरोध आहे. ‘तिरीप दिसते का?’ असे विचारले की पाहणारा तिरीपच शोधतो आणि त्याची पहिली, निखळ नजर कायमची हातची जाते. आमच्या गटात पाहणारा प्रथम फक्त वर्णन करतो: नजर कुठे गेली, तिथून कुठे वळली, कुठे अडली. त्यानंतरच काढणारा आपला हेतू सांगतो, आणि त्या दोहोंतले अंतर हाच खरा अभिप्राय असतो. ‘माझी नजर डाव्या कोपऱ्यातल्या उजळ पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली’ हे वाक्य ‘रचना कमकुवत आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक शिकवते, कारण कोपरा बदलता येतो, ‘कमकुवत’चे काय करायचे ते कुणालाच कळत नाही. स्तुतीलाही हाच नियम लावावा. काय आवडले ते बोट ठेवून सांगावे.

दुसरे असे, की रोज अकरा चित्रांवर मनापासून लिहिणे कुणालाच झेपत नाही. दाखवा रोज, पण आठवड्याच्या सातांतून प्रत्येकाने स्वतः एक निवडावे आणि चर्चा त्यावरच करावी. ती निवड करताना स्वतःच्या चित्रांकडे कठोरपणे पाहण्याची सवय लागते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी कमाई आहे.

उत्तर ३:
न विचारता दुसऱ्याचे चित्र बदलू नये. ‘क्रॉप करून दाखवू का?’ एवढे विचारले तरी पुरते, आणि दाखवताना कारणही लिहावे. शिवाय रंग फिके वाटल्यास फाइल अ‍ॅडोबी आरजीबीत (अधिक रंग सामावणाऱ्या रंगपद्धतीत) तर गेली नाही ना, ते तपासा. इतरांना दाखवायची फाइल एसआरजीबीत (पडद्यांसाठीच्या सर्वसामान्य रंगपद्धतीत) असावी.

मूळ प्रश्नकर्ता:
आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. आज सकाळी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, +१ वर पेला पुन्हा टिपला आणि कापड खरोखरच पांढरे आले. चित्राबद्दल एकही शब्द न लिहिता तो गटाला दाखवून ‘नजर कुठे गेली?’ एवढेच विचारले. सहा जणांनी उत्तर दिले. त्यांपैकी चौघांची नजर पेल्याच्या काठावरच्या चमकेवर थांबली होती, तिरिपीपर्यंत दोघेच पोहोचले. उद्या कॅमेरा थोडा वर धरून ती चमक टाळून पाहणार आहे.