ओपीजीत जबड्याच्या कोपऱ्यात काळा डाग, सिस्ट की नॉर्मल?

अक्कलदाढवाला:
नमस्कार मंडळी, वय ४८. उजवी अक्कलदाढ काढायचीय म्हणून ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढला तर खालच्या जबड्याच्या कोपऱ्याजवळ, दाढांच्या मुळांच्या बऱ्याच खाली, एक लंबगोल काळा डाग आलाय, कडेने बारीक पांढरी रेघ. दुखत नाही, सूज नाही. रिपोर्टमध्ये 'स्टाफने डिफेक्ट असावा' एवढंच लिहिलंय. डेंटिस्ट म्हणाले काळजी नको, पण हाडात खड्डा म्हणजे काहीतरी हाड खातंय असंच मनात येतं हो. काढावं लागतं का हे?

जबडा_एक्सरे:
ओरल रेडिओलॉजी हेच माझं काम. आधी एकच गोष्ट बघा, डाग नसेच्या कालव्याच्या वर आहे की खाली. ओपीजीत दाढांच्या मुळांखालून दोन समांतर पांढऱ्या रेघा जातात ना, तो कालवा. दातातून सुरू झालेला सिस्ट, म्हणजे हाडातली द्रव भरलेली पिशवी, साधारण त्याच्या वर असतो, मुळाला किंवा न उगवलेल्या दाढेला चिकटून. कालव्याच्या खाली, पहिली दाढ ते कोपरा या पट्ट्यात, ठळक कडांचा लंबगोल डाग आणि वर काही त्रास नाही, तर बहुतेक स्टाफनेच. १९४२ मध्ये एडवर्ड स्टाफने यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. तो सिस्ट नाहीच, जबड्याच्या जिभेकडच्या बाजूला पडलेली खळगी आहे आणि तिच्यात बहुतेक वेळा लाळग्रंथीचा भाग बसलेला असतो. मध्यमवयीन पुरुषांत जास्त सापडतो आणि जवळपास नेहमी असाच, दुसऱ्याच कशासाठी एक्सरे काढल्यावर. काढायचं काहीच नसतं. जुना ओपीजी असेल तर शेजारी ठेवून बघा, आकार तसाच असेल तर फारच उत्तम.

निळी_छत्री:
माझ्या बहिणीला खालच्या दुसऱ्या प्रीमोलरच्या (मोठ्या दाढांच्या पुढची छोटी दाढ) मुळाच्या टोकाशी काळा ठिपका दाखवून रूट कॅनाल सांगितलं होतं, दात मात्र ठणठणीत, थंड लावलं की लगेच कळायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी थोड्या वेगळ्या अँगलने एक्सरे घेतला तर ठिपका मुळापासून सरकला. ते मेंटल फोरामेन निघालं, नस बाहेर येते ते भोक! प्रत्येकाच्या जबड्यात असतं, फक्त जागा थोडी मागेपुढे. म्हणून सांगते, नुसत्या फोटोवरून दाताला हात लावू देऊ नका.

सर्जरीवाली:
वरचं सगळं पटलं. पण अक्कलदाढ काढायचीच आहे तर मुळं कालव्याला टेकलेली दिसतात का हे आधी विचारा, तसं असेल तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून घ्या. ओपीजी सपाट चित्र आहे, आतबाहेरचं सगळं एकावर एक पडतं. काहींना कालवा दुहेरी असतो, काहींना अक्कलदाढेच्या मागे रेट्रोमोलर कालवा निघतो, हे ओपीजीत सुटून जातं आणि मग भूल नीट चढत नाही किंवा अनपेक्षित रक्त येतं. पेशंट दुखतंय म्हणतो तेव्हा तो घाबरट नसतो, बऱ्याचदा त्याची नसच वेगळ्या वाटेने गेलेली असते, हे आम्ही लोकांनी लक्षात ठेवायला हवं. सीबीसीटी झालाच तर खळगी जिभेच्या बाजूला उघडी आहे हेही त्यातच दिसेल.

अक्कलदाढवाला:
खूप खूप आभार सगळ्यांचे. कपाटात २०१५ चा ओपीजी सापडला, डाग त्यातही आहे, तेवढाच वाटतोय! त्या वेळी कुणी बोललंच नाही. आणि अक्कलदाढेची मुळं खरंच त्या रेघांवर चढलेली दिसतायत.

जबडा_एक्सरे:
मग दोन्ही फिल्म सर्जनकडे घेऊन जा आणि सीबीसीटीचं आधी विचारा. डागाची काळजी नको, पण ओठ बधिर वाटला, हाड फुगलं किंवा दात हलायला लागला तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.