‘अशा’ मुलांनी वर्गात बसायचंच नाही का?

ईशानची आई: काल इथे एका बाबांनी लिहिलं की वर्गातल्या एडीएचडीवाल्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता असलेल्या) मुलामुळे त्यांच्या मुलीचा अभ्यास बुडतो, तेव्हा ‘अशा मुलांना त्यांच्या वेगळ्या शाळेत घाला’. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझा मुलगा ‘असाच’ आहे, चौथीत. गेल्या वर्षी त्याला शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसवलं होतं. यंदाच्या बाईंनी फळ्यासमोर घेतला. गणितं तीन-तीनच देतात, ती झाली की पुढची. एका वेळी एकच सूचना. चुळबुळ सुरू झाली की वह्या गोळा करायला उठवतात. यात कुठे खर्च आला? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा मुलांना नेहमीच्या शाळेत घेणं आणि आधार देणं बंधनकारक आहे. कुणी उपकार करत नाही.

दोन मुलींचा बाबा: मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. माझ्या मुलीच्या तळहातात कर्कटक घुसलं. बाईंचा अख्खा तास त्या मुलाला शांत करण्यात गेला. तिच्या हक्काचं काय? आणि त्या कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्र नाहीच, यादी नीट वाचा.

ईशानची आई: वाचलीय. अध्ययन अक्षमता, म्हणजे एलडी, आणि स्वमग्नता (ऑटिझम) आहेत ना त्यात? बऱ्याच मुलांना एडीएचडीबरोबर यातलं काहीतरी असतं. माझ्या मुलाला एलडी आहेच.

झेडपीचा मास्तर: ताई, तुमच्या बाईंना नमस्कार. पण माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, वर बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी. फिरते विशेष शिक्षक कधीतरी येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा म्हटलं. आमच्यापर्यंत पोचलाय का? सगळं वर्गशिक्षकाच्या गळ्यात मारून समावेशन होत नसतं.

दहावीची आई: खरा घोळ एलडीच्या सर्टिफिकेटचा आहे, त्यावर कोणी बोलत नाही. ते असलं की बोर्डाला तासामागे 20 मिनिटं जादा, वर पेपर लिहून द्यायला लेखनिक. आमच्या सोसायटीतल्या धडधाकट मुलाने नववीत सर्टिफिकेट काढलं. माझी मुलगी रात्र-रात्र जागते, तिने काय पाप केलंय?

ईशानची आई: धडधाकट? एलडी काय चेहऱ्यावर दिसतं? सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत उभ्या राहून बघा. बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखनाची चाचणी, दर वेळी नवी तारीख, दर वेळी रजा. हौसेनं कोण करतं हे?

दहावीची आई: पैसेवाले करतात. खासगी क्लासवालेच सुचवतात.

भाचीचा मामा: माझ्या भाचीचं सर्टिफिकेट नववीपर्यंत कोणी सुचवलंच नाही. तोवर सगळे तिला आळशी म्हणत होते. नववीत काढलं म्हणजे खोटं, हे कुठून आणलंत?

दहावीची आई: तुमच्या भाचीबद्दल बोललेच नाही. खोटी निघतात हे तरी मान्य करा.

ईशानची आई: निघत असतील. मग खोट्यांना पकडा, खऱ्यांना का छळता?

दोन मुलींचा बाबा: मूळ मुद्दा सर्टिफिकेट नव्हता. गोळ्या देऊन मुलं गुंगवतात तेही मला पटत नाही.

भाचीचा मामा: दादा, एडीएचडीवर देतात ते मिथाइलफेनिडेट गुंगीचं औषध नाही, उत्तेजक आहे. आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी डॉक्टर आधी पालकांनाच वागणुकीचं प्रशिक्षण घ्यायला सांगतात. माहिती नसेल तर निदान गोळ्यांवर तरी बोलू नका.

दोन मुलींचा बाबा: बरं, गोळ्यांचं सोडा. पुढचा बाक, कमी गणितं, ठीक आहे, आमच्या शाळेनेही करून बघावं. विशेष शिक्षक मागायचा अर्ज करणार असाल तर माझी सही घ्या. पण माझ्या मुलीची जागा उद्याच्या उद्या बदलून हवी, त्यात तडजोड नाही.

झेडपीचा मास्तर: अर्ज मुख्याध्यापकांकडे द्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या. नुसत्या तोंडी सांगण्याला कोणी विचारत नाही.

दहावीची आई: आणि लेखनिकाचं?