रेडिएशनमुळे होणारे जुलाब आणि चिनी काढा – द्यावा का?

मृण्मयी_स: आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. ओटीपोटावर रेडिएशन चालू आहे, सोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन हे केमोचं औषध. तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले. मुरडा येतो, आणि जाऊन आली तरी परत लागल्यासारखं वाटतं. सिंगापूरचा मामेभाऊ म्हणतो, तिथल्या दुकानातून चिनी वनौषधींची पावडर पाठवतो. आई इतकी थकलीय की म्हणते, काहीही द्या. द्यावी का?

पाटणकरकाका: आमच्या हिचंही असंच झालं होतं. दूध पूर्ण बंद केलं, पेज आणि मऊ भात, वर डॉक्टरांनी दिलेली लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी. रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांत पोट ताळ्यावर आलं. धीर धर पोरी.

अनुजा_सिंगापूर: मृण्मयी, इथे चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते, २००० सालच्या कायद्याने. पण ते पेशंटला समोर बसवून, नाडी आणि जीभ बघून औषध बांधतात. आईंना न बघता दुकानातून उचललेली पावडर हे त्यांचं शास्त्र नव्हेच.

निशिगंधा_रेडिओथेरपी: मी याच विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर. चिनी औषध थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. ह्वांगछिन ही चिनी वनौषधी, पिओनीच्या फुलझाडाचं मूळ, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं यांचा जुलाबावरचा काढा सुमारे १८०० वर्षं जुना आहे. येल विद्यापीठात त्यावरून पीएचवाय९०६ नावाचं औषध तयार झालं आणि केमोच्या जुलाबांसाठी तपासलं गेलं. चीनमध्ये रेडिएशनच्या पेशंटना काढे आणि गुदमार्गातून औषधी बस्तीही देतात. मात्र तिथल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि ढिसाळ आहेत. त्यांच्या भरवशावर मी माझ्या आईला दिलं नसतं.

तुझ्या आईच्या बाबतीत मला खरी काळजी किडनीची वाटते. सिसप्लॅटिनचा भार तिच्यावर आहेच, जुलाबांनी अंगातलं पाणी चाललंय, पोटॅशियमही. ज्येष्ठमध जास्त गेलं तर पोटॅशियम आणखी उतरतं. शिवाय पुडीत काय आहे हे कोण सांगणार? १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. बस्ती तर घरी अजिबात नको, आतडं आतून सोललेलं असतं.

उद्याच रेडिएशनच्या डॉक्टरांना सांग: दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का, रक्त पडतं का, ताप आहे का, लघवी कमी झालीय का. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम बघायला सांग. ताप किंवा रक्त असेल तर उद्याची वाट बघू नकोस, आजच जा, आणि लोपेरामाइड स्वतःहून देऊ नकोस.

मृण्मयी_स: ताई, ताप नाही, रक्तही नाही. पण लघवी कालपासून खरंच कमी आहे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निशिगंधा_रेडिओथेरपी: मग आजच फोन कर, सलाईन लागेल बहुतेक. भावाला सांग, पावडर पाठवू नको.