अनुभव धागा: तुमच्या घरचा गवती चहा

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत गवती चहाचा वास सुटतो. तुमच्याकडे तो कसा करतात, कशासाठी देतात, लिहा. कशावर गुण आला नाही, तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. डोकं सर्दीनं जड झालं की आज्जी 4 पातींची गाठ मारून 2 कप पाण्यात टाकायची. सोबत ठेचलेलं आलं, 2 मिरी. उकळी फुटली की गॅस बंद, वर ताटली. "झाकण काढू नगंस, वास गेला की गुण गेला." पातीचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या सुगंधी द्रव्याचा, आणि ते वाफेबरोबर उडतं, म्हणून मला आज्जीचं पटतं. गूळ शेवटी. घाम येतो, नाक सुटतं.

*

कसबा बावड्यातून लिहितोय. आमची आई पाती कात्रीनं कापून खळाखळा उकळते, दूध-साखर घालून. औषध म्हणून नव्हे, चवीला. पोट फुगलं की वडील मात्र बिनदुधाचा मागतात. ठोंब न्हाणीच्या पाण्यावर लावलाय, 20 वर्षं झाली. उन्हाळ्यात पार वाळतो. बुडाशी 4 बोटं ठेवून कापायचा, पहिल्या पावसात तरारून फुटतो. पातीची कड ब्लेडसारखी असते, पोरांना ओढू देऊ नका.

*

ऑगस्ट 2019 च्या पुरात आम्ही मामांकडे राहिलो. घरात 14 माणसं, सगळी भिजलेली. मामी सकाळ-संध्याकाळ मोठं पातेलं चढवायची. थंडी पळायची, अंग हलकं व्हायचं. पाणी ओसरल्यावर धाकट्याला ताप आला, तेव्हा त्याच भरवशावर मी 3 दिवस काढाच देत राहिले. तपासणीत डेंग्यू निघाला. पोरगं बरं झालं, पण ते 3 दिवस मला अजून टोचतात. काढ्यानं बरं वाटतं. ताप कशाचा आहे ते काढा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ताप असला तर दवाखाना गाठा.

*

गुडघ्याला आम्ही गवती चहाचं तेल लावतो, खोबरेल तेलात 2-3 थेंबच. नुसतं लावलं तर कातडी भाजल्यासारखी होते.

*

सून गरोदर होती तेव्हा आमच्या वैद्यांनी तिला गवती चहा बंद करायला सांगितला. तिला तर त्या वासाची भारी आवड. मग संध्याकाळी दोन पातेली चढायची, तिच्यापुरतं नुसतं आलं-गुळाचं.