अॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, काय असेल?

पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल. उभी असताना एकदम शांत, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढावर पाय दाबला की अख्खी गाडी हिसके खाते आणि चेक इंजिनचा दिवा मधेच लुकलुकतो. पेट्रोल फिल्टर बदलून झाला, काही फरक नाही.

— दिवा लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. अशी दामटू नका प्लीज, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जळतो. आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघा, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं. मग त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला स्पार्कसाठी वीज देते ती) शेजारच्याला लावून परत चालवा, कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर बघायचे. उगाच अंदाजाने पार्ट बदलत बसू नका.

— दिवा नसता तर मी आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) म्हणालो असतो, तो झिजला की फक्त जोर लावताना थरथर येते आणि पाय काढला की बंद. इंजिनचे माउंटही (इंजिन धरून ठेवणारे आधार) एकदा बघून घ्या.

— प्रश्न विचारणारा परत आलोय. पी०३०२ होता, कॉइल तिसऱ्याला लावली तर पी०३०३ झाला! कॉइलच्या रबरी बुटावर केसाएवढी काळी रेघ होती, स्पार्क तिथूनच बाहेर उडत होता. कॉइल आणि चारही प्लग नवे टाकले, चढावर गाडी आता लोण्यासारखी चालते. मनापासून आभार.