अनुभव धागा : मोह आवरला, नाही आवरला

धागाकर्ता, कळवा
सर्वांना सलाम. लेंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झालाय. मत्तयच्या चौथ्या अध्यायात येशू रानात ४० दिवस उपाशी राहिला, आणि सैतानाने पहिली गळ टाकली ती भाकरीची. उपदेश आपण रविवारी ऐकतोच, तो इथे नको. कशाचा मोह पडला, कसे निभावलात ते लिहा. पडला असाल तर तेही लिहा. नुसतं वचन टाकून पळू नका.

माझं शेवटी सांगेन. तोवर एक गंमत. आजोबा नगरचे, ठाण्याला येऊनही रात्रीची कौटुंबिक प्रार्थना कधी चुकली नाही. प्रभूच्या प्रार्थनेतली ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ ही ओळ मी चौथीत असताना घशाच्या शिरा ताणून म्हणायचो. वाटायचं, प्रभूने मनावर घेतलं तर गणिताचा पेपर रद्द होईल.

दाणाबाजार
वाशीला एपीएमसीत एका गाळ्यावर मेहताजी आहे. लातूरहून तूरडाळीच्या गाड्या येतात. कुठली गाडी आधी खाली करायची, ते माझ्या वहीवर ठरायचं. रांगेतला ड्रायव्हर दोन रात्री जागलेला असतो. तो पाचशेची नोट वहीत सरकवतो. तीन वेळा परत केली. चौथ्या वेळी मुलीच्या क्लासची फी थकली होती, म्हटलं, आपण मागितली थोडीच?

ती नोट शनिवारभर शर्टाच्या खिशात होती. काही केल्या मोडवेना. रविवारी उपासनेत दानथैली समोर आली, तीच नोट घडी करून टाकली आणि हलकं हलकं वाटलं. घरी बायको म्हणाली, “म्हणजे प्रभूला वाटेकरी केलंत?” जेवण गेलं नाही.

त्यानंतर सुधारलो असं समजू नका. महिनाभर घेत होतो. थांबलो ते शेठजींना सांगून टेबल बदलून घेतलं तेव्हा. आता फक्त हिशेब बघतो, गाड्यांशी संबंध नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ‘परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील’ असं आहे ना, माझा उपाय म्हणजे कोपऱ्यातलं एक गंजलेलं टेबल. पंख्याचं वारंही लागत नाही तिथे.

ऐरोलीची काकू
दारू, पैसा, सगळे पुरुषांचे मोह लिहिणार, म्हणून आधीच घुसते. आमचा मोह बुधवारच्या प्रार्थनासभेत चहाबरोबर येतो. त्याचं नाव ‘प्रार्थनेचा विषय’. “बाहेर बोलू नका हं, पण अमकीच्या घरी सध्या...” की सगळ्यांच्या बशा खाली. मीच एका ताईंच्या नवऱ्याची नोकरी गेल्याचं असं ‘ओझं’ म्हणून मांडलं. प्रार्थना दोन मिनिटं झाली, चर्चा पाऊण तास. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्याच्याही पुढच्या आठवड्यात नाहीत.

माफी मागायला गेले तर दार उघडून म्हणाल्या, “या, पण चहा नाही ठेवत.” बरोबरच होतं त्यांचं. आता विषय सांगायच्या आधी त्या माणसाला फोन करते, “मांडू का?” निम्मे विषय तिथेच संपतात.

राबोडीकर
आम्ही कॅथलिक, आमच्या प्रार्थनेत त्या ओळीत ‘मोह’ आहे. ग्रीकमध्ये ‘पेइरास्मॉस’ हा एकच शब्द, कसोटीलाही आणि मोहालाही. पोप फ्रान्सिस म्हणायचे की मोहात ढकलणारा देव नव्हे, सैतान. इटलीत मिस्सेतली, म्हणजे आमच्या उपासनेतली, ही ओळ २०२० च्या नोव्हेंबरात बदलली, आता ‘मोहाच्या हवाली करू नकोस’ अशा अर्थाची आहे. मला हा बदल पटतो, कारण मला ढकलणारे माझेच मामा होते.

दारू सोडून सात महिने झाले होते. उत्तनला मामेभावाचं लग्न. आदल्या दिवशी उंबराचं पाणी हा विधी, बॅंड, आणि गरम खिमाड, म्हणजे मसाल्याची दारू. तो मसाल्याचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. मामा म्हणाले, “औषध आहे रे, सर्दीवर.” ग्लास हातात घेतला. गरम होता, बोट भाजलं म्हणून खाली ठेवला. खरं सांगतो, त्यात श्रद्धा वगैरे काही नव्हती, बोट भाजलं एवढंच. पण त्या अर्ध्या मिनिटात मांडवाच्या मागून, जिथे भांडी घासत होते तिथून बाहेर पडलो आणि माझ्याआधी दारू सोडलेल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “बोलत राहा, बोलत स्टेशनपर्यंत चल.” उत्तनहून भाईंदर स्टेशन किती लांब, त्याला काय माहीत!

रात्रपाळी, घणसोली
नाव विचारू नका. मोबाइलवर जे बघू नये ते. ठरवायचो, प्रार्थना करायचो, अडीच वाजता पुन्हा तेच. बायबलमधला योसेफ मागे लागलेल्या पोटीफरच्या बायकोला समजावतच बसला नाही, शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला, हे फार उशिरा कळलं. आता झोपताना फोन रूममेटच्या उशाशी. तो आपल्यातला नाही, काही विचारत नाही, नुसतं “दे इकडे” म्हणतो. सुटी लागून तो गावी गेला की माझी पंचाईत. लूकमध्ये सैतान ‘संधी मिळेपर्यंत’ सोडून गेला असं लिहिलंय, ते माझ्यापुरतं तंतोतंत.

धागाकर्ता
आता माझं. धाकट्या चुलतभावाने घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर घर घेतलं. आम्ही कळव्यात वन रूम किचन, पाणी सकाळी पाऊण तास. मी वडीलधारा, म्हणून समर्पणाची प्रार्थना माझ्याकडे. डोळे मिटले तरी खिडकीतली खाडी दिसत होती. ‘प्रभू, या घरावर...’ पुढे शब्दच फुटेना. वेळ मारून न्यायला प्रभूची प्रार्थना धरली, तर ‘परीक्षेत आणू नकोस’ला पुन्हा अडलो. शेजारी पुतण्या उभा होता, त्याने खणखणीत आवाजात ती ओळ दोनदा म्हटली. सोमवारी त्याचा गणिताचा पेपर होता.

दाणाबाजार
मग आशीर्वाद मागितलात की नाही घरासाठी?

धागाकर्ता
मागितला. जेवण झाल्यावर, लिफ्टमध्ये.