विषय: आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद

नमस्कार मंडळी,

आईला इकडे आणताना तिचं घर आवरलं. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले तीसेक कागद निघाले, बहुतेक मोडीत. एका जाणकारांनी फोटो बघून एका कागदाची सुरुवात लावून दिली: ‘सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ’. पुढे मी अडकले आहे. गावची जमीन चुलत घराण्याने बळकावली, असं लहानपणापासून ऐकत आले. खरं काय ते कुठे कळेल? डिसेंबरात पुण्यात दोनच आठवडे आहे.

*

ताई, नमस्कार.

आधी तारीख. सुहूर सन ही जुनी कालगणना, तिचे आकडे अरबीत. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे साल मृगाला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. तुमचा कागद पानिपताच्या सालातला आहे! कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. घड्या हलक्या हाताने उलगडून फोटो काढा.

वाचून घ्यायला भारत इतिहास संशोधक मंडळात जा. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली उभी राहिलेली ही संस्था आहे, मोडी जाणणारी माणसं तिथे भेटतात. पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मात्र पुणे पुराभिलेखागारात (सरकारी जुन्या दफ्तरखान्यात) आहेत. तिथे नुसतं आडनाव सांगून हाती काही लागत नाही. मौजे म्हणजे गाव, त्यावर तर्फ, त्यावर परगणा; हे तिन्ही लिहून न्या. तुमच्याच कागदांत ते सापडतील.

आता जमीन. तिचं उत्तर मोडीत नसून फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदीत, असण्याचा संभव जास्त. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. एकेक धरून मागे जायचं. मध्येच सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर येतो, तिथे धागा तुटतो. १९४७ च्या कायद्याने पुढे गावोगाव जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं त्याचा हा परिणाम. जुन्या-नव्या नंबरांचा उतारा तेवढा मागून घ्या. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, ते जाण्याआधी इथूनच बघा.

आमच्याकडेही भावकीने फसवल्याची गोष्ट होती. दोन पिढ्या बोलणं बंद. मी फेरफार काढला, तर त्यात भावकी नव्हतीच. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक मानला गेला, कलम ३२ग खाली किंमत ठरली, आजोबांचं नाव कंसात गेलं, म्हणजे कमी झालं. आजोबा नोकरीनिमित्त शहरात, जमीन कसत होता दुसराच. तो कागद घेऊन मी चुलत काकांकडे गेलो. ते बराच वेळ वाचत बसले, मग जेवायला थांबवून घेतलं.

*

काका, मनापासून आभार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, दिवाळीआधी एक गृहस्थ भाताची पोती उतरवून जायचे, आजी त्यांना ओसरीवर चहा द्यायची. एका वर्षी ते आलेच नाहीत. तेव्हा ती चौथीत होती. हिशोब केला, १९५७ च येतं. आईला त्यांचं नाव अजून आठवतं. फेरफारात आधी तेच शोधते.